भिंतीचं अजून ठरायचंय

गांगुर्डे साहेबांचा विषय निघाला की माझ्या तोंडून आधी एक सुस्कारा जातो. माझी बायको म्हणते, गेलेल्या माणसाबद्दल बोलताना तरी असं करू नका. पण माझा इलाज नाही. सातपूरच्या कारखान्यात मी बरीच वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि नंतर कामटवाड्यात नेमका त्यांच्या समोरचा फ्लॅट घेतला. ओळखीचा माणूस शेजारी असलेला बरा, असं तेव्हा वाटलं होतं. ते निवृत्त झाले, आणि कारखान्यात दोनशे माणसांमध्ये वाटला जाणारा वैताग आमच्या एका मजल्यावर येऊन बसला.

साहेब क्वालिटी इन्स्पेक्टर होते. उंच, शिडशिडीत, शर्टाच्या खिशात स्टीलची छोटी पट्टी आणि एक भिंग. कुठलीही वस्तू हातात आली की ती नखाने टकटक वाजवायची, कानाजवळ न्यायची, उजेडात तिरकी धरायची. नारळ असो, चहाचा कप असो, नाहीतर माझ्या मुलीचा नवा मोबाईल. मग तोंड जरा वाकडं करून म्हणायचं, "दिसतंय ठीक. टिकेल का?" कारखान्यात त्यांना सगळे मागून 'टिकेलका' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. राग नव्हता. उलट थोडा अभिमानच असावा.

एकदा बेअरिंगच्या कड्यांचा मोठा माल जायचा होता. ट्रक गेटवर उभा, मॅनेजर केबिनमधून तिसऱ्यांदा खाली आलेले, आणि साहेबांनी एक पेटी बाजूला काढून ठेवलेली. मापं बरोबर होती. मग अडलं कुठे, तर त्यातल्या एका कड्याचा आवाज त्यांना वेगळा वाटला. मॅनेजरांनी आवाज चढवला. साहेबांनी शांतपणे डबा उघडला आणि मेथीची भाजी खाल्ली. शेवटी ती पेटी ठेवून ट्रक गेला. आम्ही त्या पेटीतलं कडं न् कडं दोन दिवस तपासत बसलो. त्यात बारीकसा तडा सापडला आणि सगळे चकित झाले, असं मला इथे लिहायला आवडलं असतं. काही सापडलं नाही. एकूण एक कडी चांगली होती. साहेब म्हणाले, "बरं झालं, खात्री झाली," आणि हात धुवायला गेले.

घरीही तेच. त्यांच्या मुलीने, प्रज्ञाने, आपलं लग्न ठरवलं तेव्हा निखिल नावाच्या त्या गरीब मुलाला साहेबांनी निरनिराळ्या वेळी जेवायला बोलावलं. एकदा रीतसर आमंत्रण देऊन, एकदा आयत्या वेळी, एकदा तर मुलगा तापाने फणफणलेला असताना. माणूस आजारपणात कसा वागतो ते बघायचं होतं म्हणे. लग्न झालं, वर्षं गेली, तरी जावयाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं, "आत्तापर्यंत तरी ठीक आहे." निखिल हे हसून सांगायचा. प्रज्ञा हसायची नाही.

या माणसाबरोबर सुमनवहिनींनी संसार केला. वहिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, चालणं झपाट्याचं. शाळेत पोरं त्यांच्या नुसत्या भुवईला घाबरत. घरी मात्र त्यांचं काही चालायचं नाही, कारण साहेब कधी नाही म्हणायचेच नाहीत. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. साहेब म्हणायचे, "बघू."

आता भिंतीकडे येतो.

त्यांच्या हॉलला वॉलपेपर होता. बदामी रंगावर तपकिरी बांबू आणि मधूनमधून एक बगळा. प्रज्ञा शाळेत असताना वहिनींनी हौसेने लावून घेतला होता. साहेब कारखान्याच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेले होते, म्हणूनच तो लागला. त्या वेळी आमच्या भागात अशी भिंत कोणाकडे नव्हती आणि वहिनींच्या मैत्रिणी मुद्दाम बघायला आल्या होत्या. पण आता कागदाचे सांधे उघडले होते, सोफ्यामागे डोकी टेकून टेकून तेलकट डाग पडले होते, आणि खिडकीच्या बाजूला एक बगळा मानेपासून खाली लोंबत होता.

प्रज्ञाला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. वहिनी म्हणाल्या, सातव्या महिन्यात पोर येईल, त्याआधी घर नीट करून घेऊ. स्वयंपाकघराचा ओटा झाला, बाथरूमच्या फरशा झाल्या, कारण ते वहिनींनी आपल्या भावाला मध्ये घालून परस्पर उरकलं. हॉल तेवढा राहिला. तो साहेबांनी आपल्याकडे घेतला. भिंत हा गंभीर विषय आहे, असं त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं.

सोमनाथ नावाचा पेंटर मीच आणून दिला. इगतपुरीकडचा, कामाला वाघ, बोलायला फटकळ. त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि सरळ सांगितलं, एक तर कागद काढून टाकू, खालची खळ धुऊन पुट्टी भरू आणि रंग मारू. नाहीतर सुटलेले सांधे चिकटवून कागदावरच प्रायमर मारून रंग देऊ. पहिल्यात धूळ लय, दुसऱ्यात भरवसा कमी. तुम्ही म्हणाल ते करू.

साहेबांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी नमुना करून बघू."

सोफा पुढे ओढला गेला. भिंतीवर खडूने चौकोन आखले गेले. एका चौकोनात कागद काढून पुट्टी, दुसऱ्यात कागदावर रंग, तिसऱ्यात जुन्या कागदावर नवा कागद. मग कोणीतरी त्यांना प्लास्टिकच्या पॅनेलबद्दल सांगितलं, तर चौथ्यात पॅनेलचा तुकडा. मग खरबरीत टेक्स्चर. पुट्टी दोन कंपन्यांच्या आणल्या, म्हणून पहिल्या चौकोनाचे पुन्हा दोन झाले. प्रत्येकाखाली इंग्रजी अक्षर. बुद्धांची तसबीर उतरवून फ्रीजवर ठेवली गेली आणि तिथेच राहिली.

मग तपासणी सुरू झाली. रोज संध्याकाळी साहेब टॉर्च तिरका धरून भिंत बघायचे आणि मला हाक मारायचे, "देवरे, जरा या." मी जेवत असलो तरी जायचो, कारण न गेल्यास ते ताट संपेपर्यंत आमच्या दारात उभे राहायचे. ओला फडका एका चौकोनावर चिकटवून ठेवला. दुसऱ्यावर चहा शिंपडला. एक दिवस मी गेलो तर हॉलमध्ये शेगडीवर कुकर शिट्ट्या देत होता. वाफेने कागदावरचा रंग सुटतो का ते बघायचं होतं. आत वहिनी नुसती चटणी-पोळी खात बसल्या होत्या, कारण कुकरमध्ये डाळ नव्हती, नुसतं पाणी होतं.

मी म्हटलं, साहेब, हॉलमध्ये कोण कुकर लावतं?

ते म्हणाले, "लावलाच कोणी तर?"

सोमनाथ फेऱ्या मारून दमला. त्याची दुसरीकडची कामं अडली होती. एक दिवस बादली आपटून म्हणाला, "साहेब, लय नमुने झाले. भिंत संपत आली, आता रंग कुठं मारू? ठरलं की फोन करा." आणि निघून गेला. साहेबांना वाईट वाटलं, पण ते म्हणाले की घाई करणाऱ्या माणसाचं काम टिकत नाही. आता पावसाळा जाऊ दे, भिंत दमट हवेत कशी राहते ते बघू.

पावसाळा संपेपर्यंत प्रज्ञाला आठवा लागला असता.

वहिनींनी तेव्हाही आवाज चढवला नाही. त्यांनी बॅग भरली, फ्रीजवरच्या तसबिरीची धूळ पुसली आणि चांदवडला भावाकडे निघून गेल्या. जाताना दारात साहेबांना म्हणाल्या, की भिंत झाली की कळवा. नाही झाली तर मी तिकडूनच पुण्याला जाईन आणि बाळंतपण प्रज्ञाच्या सासरी करीन. आमच्याकडे चावी देताना माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या, त्यांना रात्री दूध लागतं.

आम्हाला वाटलं, आता तरी साहेब हलतील. ते हलले, पण भलतीकडे. त्यांनी प्लायवूडचे तुकडे आणले आणि भिंतीवरचे सगळे नमुने त्या तुकड्यांवर स्वतःच्या हाताने पुन्हा केले. मग मला म्हणाले, रविवारी तुमची गाडी घेऊन चांदवडला जाऊ. सुमनला दाखवू. तिनेच पसंत करावं.

मी चिडलो होतो, तरी गेलो. ओझरच्या पुढे साहेबांनी मला वेग कमी करायला लावला, कारण मागच्या सीटवर टेक्स्चरचे खडे गळत होते. पिंपळगावला चहा घेतला तोही गाडीत बसून, तुकड्यांवर कोणी हात ठेवू नये म्हणून.

वहिनी भावाच्या अंगणात कांदे निवडत बसल्या होत्या. शेजारी भावजय आणि दोन बायका. साहेबांनी कोणाची विचारपूस न करता फळ्या एकेक करून ओट्यावर उभ्या केल्या. बायका बघत राहिल्या. वहिनी बघत नव्हत्या.

"सुमन, हा 'बी' नमुना. हा बघ, मला यात अजून थोडी शंका आहे, पण—"

"काय ठरवलंत?" वहिनींनी विचारलं.

"तेच तर. तू सांगशील ते."

"मी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं, कागद काढा आणि रंग द्या. तुम्ही तेही तपासायला घेतलंत."

वहिनींनी हातातला कांदा टोपलीत टाकला आणि पहिल्यांदा मान वर केली.

"आपल्या घरात एक गोष्ट पूर्ण झालेली मला आठवत नाही. सगळं चालूच आहे. जावई चालू आहे, भिंत चालू आहे. मीसुद्धा अजून पास झालेय की नाही, मला माहीत नाही. चुकीची भिंत मी चालवून घेईन हो. ही अशी अर्धी नको मला. तुम्ही ठरवा, आणि झाल्यावर मला सांगा. दाखवू नका."

भावजयीने आम्हाला जेवायला थांबवलं. वहिनींनीच वाढलं, साहेबांना आवडतो म्हणून ठेचा जास्त वाढला, पण त्यांच्याशी बोलल्या नाहीत. फळ्या आम्ही परत गाडीत भरल्या.

परतीच्या वाटेवर पिंपळगावच्या टोलनाक्यावर साहेबांनी मागे वळून फळ्या बघितल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवरे, एकदा पास म्हटलं की माल जातो. मग आपल्या हातात काय राहतं?"

मी इतका वैतागलेलो होतो, की म्हटलं, "साहेब, माल चांदवडला जाऊन बसलाय."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते लागलं की नाही, मला कळलं नाही. द्राक्षाच्या बागा मागे पडत राहिल्या आणि ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोमनाथला फोन केला. सोमनाथ म्हणाला, येतो, पण एका अटीवर. काम चालू असताना साहेब घरात नकोत. साहेबांनी अट मान्य केली. याचा अर्थ ते आमच्या घरात आले.

ते दिवस माझ्या बायकोने कसे काढले ते तिलाच ठाऊक. समोर सोमनाथ कागदावर गरम पाणी मारून पट्टीने खरवडत होता, आणि इकडे साहेब आमच्या सोफ्याच्या कडेवर बसून कान देत होते. खरवडण्याचा आवाज जरा बदलला की उठून उभे. "पोकळ वाजतंय." मी म्हणायचो, बसा. ते बसायचे. पुन्हा उठायचे. शेवटी बायकोने त्यांच्यापुढे मटारची पिशवी ठेवली. त्यांनी प्रत्येक शेंग उजेडात धरून सोलली. संध्याकाळपर्यंत अर्धी पिशवीसुद्धा झाली नाही, पण ते समोरच्या घरात गेले नाहीत.

कागद निघाला. खाली एका ठिकाणी प्लास्टर सुटलं होतं, ते सोमनाथने भरून घेतलं. खळ धुतली, पुट्टी झाली, घासून झाली. आता रंग ठरवायचा होता. साहेबांनी वहिनींना फोन लावला. मी शेजारीच होतो. पलीकडून दोनच शब्द आले, "तुम्हीच ठरवा," आणि फोन बंद झाला.

साहेब एकटे दुकानात गेले. मला बरोबर नेलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. तासाभरात परत आले आणि डबे सोमनाथच्या ताब्यात देऊन आमच्याकडे येऊन बसले. मी विचारलं, कुठला रंग? म्हणाले, पिवळा. मी विचारलं, नमुना बघितला का भिंतीवर? म्हणाले, "नाही." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू कड्यावरून उडी मारून आलेत.

संध्याकाळी सोमनाथ बोलवायला आला. त्याचा चेहरा पडलेला होता. आम्ही दार उघडून आत गेलो. दुकानातल्या कार्डावर तो रंग सौम्य असेल. चार भिंतींमध्ये हळदीच्या पेवात उतरल्यासारखं वाटत होतं. ट्यूबलाईट लावल्यावर तर डोळे बारीक करावे लागत होते. सोमनाथ हळूच म्हणाला, "साहेब, अजून एक हात पांढरा मारला तर दबंल जरा." मीही तेच सुचवलं. एका दिवसाचं काम होतं.

साहेब हॉलच्या मधोमध उभे होते. त्यांनी भिंतीवर नख वाजवलं नाही, टॉर्च काढला नाही. म्हणाले, "नको. झालंय ते." आणि खिशातून फोन काढून वहिनींना सांगितलं, "सुमन, भिंत झाली."

वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी भावाबरोबर आल्या. दार उघडंच होतं. आम्ही दोघं नवरा-बायको आमच्या दारात, आत शिरावं की नाही या विचारात. वहिनी उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सावकाश बघत गेल्या. साहेब बाजूला उभे, हात मागे बांधलेले, शाळेतल्या पोरासारखे. मला खरंच भीती वाटली, की या बाई बॅग उचलून पुन्हा जिना उतरतील.

"भयंकर रंग आहे," वहिनी म्हणाल्या.

"हो," साहेब म्हणाले.

"नमुना काढला होता?"

"नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चपला काढल्या, फ्रीजवरची तसबीर उतरवली आणि म्हणाल्या, "खिळा ठोका. इथे मधोमध."

प्रज्ञा ठरल्या वेळी माहेरी आली. हॉल बघून तोंडावर ओढणी धरून हसत सुटली, आणि मग वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. बाळ झालं तेव्हा एक निराळीच पंचाईत. त्या हॉलमध्ये सगळेच पिवळे दिसायचे, त्यामुळे बाळाला कावीळ आहे की नाही ते बघायला त्याला बाल्कनीत न्यावं लागायचं. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, त्यांनी भिंतींकडे एकदा बघितलं आणि न बोलता बाळाला उचलून बाहेर नेलं.

त्यानंतर साहेब बदलले, असं मी म्हणणार नाही. माझ्या नव्या गाडीचे त्यांनी पाना घेऊन सगळे नट तपासले. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं काम त्यांच्यामुळे दोन उन्हाळे लांबलं आणि मला सेक्रेटरीच्या शिव्या खाव्या लागल्या. पण हॉलचा रंग त्यांनी बदलू दिला नाही, आणि वहिनींनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढे साहेबांना हृदयाचं दुखणं जडलं आणि प्रज्ञाने दोघांना पुण्याला आपल्या जवळ न्यायचं ठरवलं. फ्लॅट विकायला काढला. साहेब पुण्याला गेल्यानंतरच्या हिवाळ्यात वारले. मी वेळेवर पोचू शकलो नाही, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर ते अजूनही त्या फ्लॅटमध्येच उभे आहेत, सामान बांधून झालेलं असताना.

घर घेऊ बघणारं एक तरुण जोडपं शेवटचं पाहून जायला आलं होतं. दोघंही नोकरीवाले, हौशी. मुलगी भिंतींकडे बघून नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली, बहुतेक रंगाबद्दलच. मुलगा भिडस्त होता. त्याने साहेबांना विचारलं, "काका, ओल वगैरे काही त्रास नाही ना? घर कसं आहे एकूण?"

मी मनातल्या मनात डोक्याला हात लावला. आता हे त्यांना प्लास्टर सुटलेल्या जागेपासून नळाच्या वायसरपर्यंत सगळं सांगणार, आणि जोडपं जिना उतरून पळून जाणार. वहिनींचाही हात पदराशी थांबला होता.

साहेब म्हणाले, "चांगलं घर आहे. आम्ही फार छान राहिलो इथे."

एवढंच. पुढे 'पण' नाही, काही नाही. मुलगा म्हणाला, बरं वाटलं काका. वहिनी वळून खिडकीपाशी गेल्या.

मग साहेबांना पाणी हवं होतं. भांडी सगळी खोक्यांत गेलेली, म्हणून मी आमच्याकडून ग्लास आणायला गेलो. परत आलो तर जोडपं स्वयंपाकघरात मापं घेत होतं आणि हे दोघं खिडकीशी उभे होते. साहेबांचा एक हात गजावर होता. वहिनी त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या, पुण्याच्या घरी काय करायचं, काय नाही, असंच असावं. साहेब बाहेर बघत म्हणत होते, "हो. हो."

ग्लास हातात धरून मी तसाच दारात थांबलो.